कोपर दाखवण्याचा कार्यक्रम

वेटलिफ्टिंगचा कोच म्हणून कोणी माझी ओळख करून दिली, की समोरचा माणूस आधी माझ्या मागे बघतो. मागे कोणीतरी दांडगा गडी उभा असेल आणि कोच तोच असेल, असं त्याला वाटतं. मागे कोणी नसतं. मग तो पुन्हा माझ्याकडे बघतो आणि "हो का? वा!" म्हणतो. त्या 'वा'मध्ये माझ्या तब्येतीची जी काळजी असते, ती मला आता सवयीने ओळखू येते. माझी उंची बेताची, अंगकाठी त्याहून बेताची. आमच्या सुमनच्या, म्हणजे बायकोच्या मते माझा चेहरा पोस्टाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा आहे आणि खिडकी नुकतीच बंद झालेली आहे.

तरुणपणी मी स्वतः वजनं उचलायचो. उचलायचो म्हणजे उचलायला जायचो. जिल्ह्याच्या स्पर्धांत उतरलो, बारला हात लावला, बार जागचा हलला नाही, नमस्कार करून परत आलो. शेवटी एका म्हाताऱ्या पंचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ओव्हाळ, तुला खेळ कळतो छान. तू तो दुसऱ्यांना शिकव." नकार इतक्या गोड शब्दांत मला पुन्हा कधी मिळाला नाही. मी तो मनावर घेतला आणि आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत राहिलो.

पोटापाण्यासाठी देहूरोडला लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होतो. सकाळी जायचं, संध्याकाळी गाडीने लोणावळ्याला यायचं आणि घरी तुंगार्लीला न जाता थेट बाजारामागच्या गोदामात शिरायचं. हे गोदाम एका चिक्कीवाल्या शेठजींचं. त्यांनी चिक्कीचा कारखाना दुसरीकडे नेला आणि रिकामी जागा आम्हाला वापरायला दिली. जागा ऐसपैस होती, फक्त भिंतींत गुळाचा वास मुरलेला होता. वेटलिफ्टिंग वजनी गटांत चालतं. स्पर्धेआधी आमच्या पोरांना वजन उतरवायचं असतं, म्हणजे जवळजवळ उपाशी राहायचं असतं. अशा पोरांनी त्या वासात दोन तास घाम गाळायचा, हा छळ मी वर्षानुवर्षं चालवला. मुंग्यासुद्धा बारवर चढायच्या. त्या मात्र वजन उचलायच्या.

गावाला आमचा उपयोग काय, हे गावाने फार लवकर ओळखलं. तुंगार्लीच्या बंगल्यांतून फोन यायचे. "ओव्हाळसर, पोरं मोकळी आहेत का? वरच्या मजल्यावर फ्रीज चढवायचाय." एका बाईंनी संगमरवरी देवघर हलवायला राज्य पातळीवरचे दोन खेळाडू मागितले होते. मी सांगायचो, अहो, आमचा खेळ वेगळा, आम्ही फक्त खालून वर उचलतो, जिने चढत नाही. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "मग खालून वर उचला, जिना आम्ही बघतो." त्यांना मी कोपरापासून नमस्कार केला. दुसऱ्या प्रकारची गिऱ्हाइकं म्हणजे आया. वजन उचललं की पोराची उंची खुंटते, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. त्या यायच्या, माझ्याकडे एकवार नखशिखांत बघायच्या आणि पोराचा हात धरून परत जायच्या. माझी उंची वजनांमुळे नव्हे, वडिलांमुळे आहे, हे सांगायला त्या थांबायच्याच नाहीत.

घरचं सांगायचं तर गॅसचा सिलिंडर आजही सुमनच उचलते. मी बाजूला उभा राहून "पाठ सरळ" म्हणतो.

आता खेळाबद्दल थोडं. आमच्यात उचल दोन तऱ्हेची. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर न्यायचा. जर्कमध्ये आधी खांद्यापर्यंत आणायचा, मग तिथून डोक्यावर. प्रत्येकाला तीन तीन संधी. दोन्हींतली सगळ्यांत चांगली उचल घेऊन बेरीज करतात, तिला टोटल म्हणतात. एका प्रकारात तिन्ही संधी वाया गेल्या तर टोटलच नाही. म्हणजे तुम्ही शेवटचे आलात असंही नाही, तुम्ही आलाच नाहीत. समोर तीन पंच बसतात. उचल बरोबर असेल तर पांढरा दिवा, चूक असेल तर लाल. दोन पांढरे मिळाले की उचल मान्य.

आणि पंचांची नजर सगळ्यांत जास्त कुठे असेल, तर कोपरांवर. बार डोक्यावर गेला की हात पुरते ताठ झाले पाहिजेत. कोपर जरा वाकलेलं दिसलं की लाल दिवा. म्हणून मी जन्मभर एकच वाक्य ओरडलो, "कोपर सरळ!" आणि माझ्या हाताखाली तयार झालेला सगळ्यांत मोठा खेळाडू म्हणजे अझर मुलाणी, ज्याचं डावं कोपर सरळ होतच नव्हतं.

अझर आंबी गावचा. वडील तिथल्याच एका कारखान्यात हेल्पर, घरी दोन म्हशी. लहानपणी तो म्हशीच्या पाठीवरून पडला. शेजारच्या गावातल्या हाडवैद्याने हात कामट्यांत बांधला. हाड बसलं, पण ते स्वतःच्या मर्जीने बसलं. हात कितीही ताणला तरी कोपराशी थोडा बाक राहायचाच. ताकदीला काही कमी नव्हती. पहिल्या दिवशी त्याने आमच्या गोदामातला बार उचलला तेव्हा मी नेहमीप्रमाणे "कोपर सरळ" ओरडलो. तो म्हणाला, "सर, येवढंच हुतंय." मला वाटलं पोरगं आळशी आहे. मी जाऊन त्याचा हात ओढून बघितला. त्यानंतर त्याच्यावर मी ते वाक्य ओरडलो नाही.

अशा खेळाडूंसाठी नियमांत सोय आहे. ज्याचं कोपर मुळातच सरळ होत नाही, त्याने स्पर्धा सुरू व्हायच्या आधी पंचांना ते दाखवायचं. पंचांनी बघून ठेवलं की मग तेवढा बाक चालतो. तेव्हा प्रत्येक स्पर्धेत मी अझरला पुढे घालून पंचांच्या टेबलापाशी न्यायचो. तो हात लांब करायचा. पंच चष्मा वर करून बघायचे, एखादा दाबून बघायचा. लहानपणापासून आहे का? दुखतं का? घरात आणखी कोणाला आहे का? अझर खाली मान घालून उभा असायचा आणि उत्तरं मी द्यायचो. पोरं या प्रकाराला कांदेपोहे म्हणायची. मी हसायचो. अझर हसायचा नाही. तो भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरायचा, हे मला दिसत होतं. मला वाटायचं, त्याला तसलेच शर्ट आवडतात.

त्याचं लग्न मी जमवलं. डेपोत माझ्या शेजारच्या टेबलाला रफिकभाई होते, आम्ही बरोबरच रिटायर झालो. त्यांची मुलगी नाझिया देहूरोडलाच एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर काम करते. एकदा ते म्हणाले, एखादा चांगला मुलगा असला तर सांगा. माझ्या तोंडून अझरचं नाव निघून गेलं. कामाचा आहे, व्यसन नाही, चहासुद्धा पीत नाही, देशाकडून खेळेल, असं सगळं सांगितलं. कोपराबद्दल त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. कोणाच्याही कोपराबद्दल कोण विचारतं? बघाबघीला अझर पूर्ण बाह्यांत गेला, दोन्हीकडून पसंती झाली आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. स्पर्धेहून परत आल्यावर तारीख काढायची ठरली.

ती स्पर्धा म्हणजे परदेशातली, सगळ्या खेळांची एकत्र भरते तशी. अझरची निवड झाली आणि त्याच्या मागे शेपटासारखी माझीही झाली, सहायक कोच म्हणून. निघताना तुंगार्लीच्या बुद्धविहारात शाल आणि पुष्पगुच्छ देऊन माझा सत्कार झाला. आंबीत अझरची मिरवणूक निघाली. संघाचा निळा कोट मला मिळाला तो बहुधा हातोडाफेकवाल्यांपैकी कोणाच्या तरी मापाचा होता. त्या कोटात मी स्पर्धेच्या दाराशी गेलो तेव्हा तिथल्या स्वयंसेविकेने हसून मला टेबल टेनिसच्या हॉलची दिशा दाखवली. मी दंड फुगवून दाखवला. ती आणखी हसली आणि दिशा तीच राहिली.

अझरच्या दिवशी आमचे मुख्य कोच आधीच्या गटातल्या खेळाडूला घेऊन उत्तेजक चाचणीच्या खोलीत अडकले. त्या खेळाडूला लघवी होईना, आणि ती होईपर्यंत दोघांना तिथून हलता येईना. म्हणजे सगळी मदार माझ्यावर. अझर अंग गरम करत होता, रंगात होता. तेवढ्यात पंच आत आले. हीच दाखवण्याची वेळ. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, "चल."

तो हलला नाही. पंचांच्या मागोमाग कॅमेरावाला आला होता आणि सराव-खोलीतलं सगळं टिपत होता.

"सर, आता नको," अझर म्हणाला. त्याने अंगावर जाकीट ओढून घेतलं होतं.

"अरे, आता नाही तर मग केव्हा?"

"त्यो कॅमेरा हाय. आंबीत समदे मोबाइलवर बघत्यात. देहूरोडलाबी बघत्यात."

"मग बघू देत की."

"त्येंना ठाऊक न्हाई. तुमीच लगीन जमवलं आन तुमीच सांगितलं न्हाई."

एरवी मी बोलण्यात कोणाला हार जात नाही, वजनं सोडली तर बाकी सगळं मला उचलता येतं. पण त्या वेळी जीभच उचलेना. मी मनाशी हिशेब केला. स्नॅचमध्ये बार हात एकमेकांपासून लांब ठेवून धरतात, त्यात कोपराचा बाक फारसा दिसत नाही. जर्कचं पुढे बघू. 'पुढे बघू' हे माझं आवडतं धोरण आहे, डेपोत त्यावर मी पूर्ण नोकरी काढली. पंच गेले. कॅमेरा गेला. अझरने जाकीट काढलं.

स्नॅच झक्क झाला. तिन्ही वेळा बार वर गेला, पांढरे दिवे लागले आणि अझर पहिल्या चारांत आला. पदक हाताशी दिसत होतं. मी माझी हुशारी मनातल्या मनात चघळत होतो. मग जर्क सुरू झाला.

पहिल्या खेपेला त्याने बार खांद्यावर घेतला, श्वास घेतला आणि असा वर मारला की प्लेटा वाजल्या. खाली तो खांबासारखा उभा. माझ्या हातांनी टाळ्या सुरूसुद्धा केल्या होत्या. एक पांढरा, दोन लाल.

जर्कमध्ये हात जवळ धरतात. त्यात कोपर लपत नाही.

मी कोचच्या जागेवरून पंचांकडे बघत माझ्या डाव्या कोपरावर थापा मारू लागलो. कोपर, कोपर, असं ओरडत होतो, तेही मराठीत. सांगायचं होतं की त्याचं कोपर जन्माचं तसं आहे. जन्माचं नाही, म्हशीचं आहे, पण ते बारकावे नंतर सांगता आले असते. तिथल्या एका कर्मचाऱ्याला वाटलं या म्हाताऱ्याला काहीतरी झालं. त्याने हात वर केला. पिशवी घेतलेला एक डॉक्टर धावत आला, मला खुर्चीवर बसवलं, कोटाची बाही वर केली आणि माझ्या ठणठणीत कोपरावर गार फवारा मारला. कॅमेरा नेमका त्या वेळी माझ्यावर होता. साऱ्या कारकिर्दीत मी जगासमोर आलो तो तेवढाच.

डॉक्टरच्या तावडीतून सुटून आत पळालो. आमच्या खेळात कोचला फेरतपासणी मागता येते. "मागतो," मी म्हणालो.

"फेरतपासनीत काय करत्यात?" अझरने विचारलं.

"मोठ्या पडद्यावर तुझी उचल पुन्हा हळूहळू दाखवतात."

"कोपरासकट?"

मी मान हलवली. "मग नको," तो म्हणाला. "म्या आनखी ताठ करतो."

ताठ होणार नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला त्याने हात इतका ताणला की मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. बार पुन्हा डोक्यावर गेला, पुन्हा तो न हलता उभा राहिला. पुन्हा दोन लाल. आता एकच संधी उरली. तीही गेली की टोटल नाही, पदक तर सोडाच, निकालात नावच नाही. इतक्या वर्षांचा घाम, आंबीहून रोज संध्याकाळी केलेला प्रवास, गुळाच्या वासातली उपासमार, सगळं एका लाल दिव्यात जाणार होतं.

त्याच वजनाला आणखी दोघं उचलणार होते, म्हणून थोडा वेळ होता. मी अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे धावलो. तिथे एक वयस्क बाई होत्या. माझ्या इंग्रजीची ताकद माझ्या दंडाइतकीच. "एल्बो," मी म्हणालो. "चाइल्डहूड. बफेलो." त्यांनी माझ्या बाही वर केलेल्या हाताकडे सहानुभूतीने बघितलं. "नॉट मी," मी म्हणालो, "ही!" आणि अझरकडे बोट दाखवलं. बाई शहाण्या होत्या. त्या पंचांच्याही वर असलेल्या ज्युरीशी बोलल्या आणि परत येऊन सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी मला समजावलं. हे आधी सांगायला हवं होतं. तरीही चालेल, पण खेळाडूने स्वतः, उचलण्याआधी, प्लॅटफॉर्मवर उभं राहून तिन्ही पंचांना कोपर दाखवायचं. कोचने नाही.

प्लॅटफॉर्मवर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांसमोर.

मी अझरला सांगितलं. तो भिंतीकडे बघत राहिला. मी त्याला देश सांगितला, आंबी सांगितली, त्याच्या आईचं नाव घेतलं. भाषण चांगलं झालं, पण त्याच्या कानात काही शिरलं असेल असं वाटलं नाही. शेवटी मला माझ्या मते एक नामी तोड सुचली.

"बरं, ऐक," मी म्हणालो. "नको दाखवूस. मी रफिकभाईंना जाऊन सांगतो, पोराचा हात चांगला आहे, मीच चुकीचं शिकवलं, म्हणून लाल दिवे लागले. सगळं माझ्यावर घेतो. लग्नाला काही होणार नाही."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी त्येंना सांगनार, की मला उचलता आलं न्हाई?"

"तसं नाही रे, म्हणजे..."

"म्या उचललंय, सर. दोन्ही टायमाला उचललंय. वर नेलं, हुबा ऱ्हायलो. तुमी बघितलं न्हाई?"

"बघितलं."

"मग?"

बाहेर त्याचं नाव पुकारलं. हातांना खडू लावून तो चालू लागला. तो काय करणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी डोळे मिटून घेतले होते. मग हॉलमध्ये कुजबुज झाली म्हणून उघडले.

अझर बारच्या मागे उभा होता. त्याने बारला हात लावला नव्हता. डावा हात खांद्याइतका वर घेऊन त्याने पुरता लांब केला होता आणि उजव्या हाताने कोपराकडे बोट दाखवत होता. आधी डाव्या पंचांना, मग मधल्या, मग उजव्या. मधल्या पंचांनी मान डोलावली. तेवढ्यावर काम झालं होतं. पण अझर वळला आणि समोरच्या कॅमेऱ्यापुढे त्याने तोच हात धरला. तिथे त्याने तो सगळ्यांत जास्त वेळ धरला. मग खाली वाकला आणि बार उचलला.

तीन पांढरे.

तो सहावा आला. पहिल्याच खेपेला पांढरे दिवे लागले असते, तर पुढच्या दोन खेपांत वजन वाढवता आलं असतं. त्या वाढवलेल्या वजनाचं काय झालं असतं, ते मी त्याच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यामुळे नेमकं सांगू शकतो. म्हणून सांगत नाही. दिव्याखाली उभा राहून तो हसत होता, हे मात्र खरं. कोपर दाखवल्यावर त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

आम्ही परतलो. आंबीत ढोल वाजले. लोणावळ्यात माझ्याकडे तेलाच्या बाटल्या येऊ लागल्या. अख्ख्या गावाने मोबाइलवर मला फवारा मारून घेताना बघितलं होतं. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "हात लय दुकतोय का वो, सर?" चिक्कीवाल्या शेठजींनी निर्गुडीचा पाला धाडला. मी खुलासे करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. सुमन रोज रात्री माझ्या चांगल्या कोपराला तेल चोळते आणि हसते.

आणि रफिकभाईंचा फोन आला.

"जय भीम, ओव्हाळ. हात कसा आहे?"

"बरा आहे. मला काही झालंच नव्हतं."

"तुमचा नाही विचारला," ते म्हणाले. मग म्हणाले, "मुलाला घेऊन या एकदा."

मी आणि अझर देहूरोडला गेलो. त्याने अर्ध्या बाह्यांचा नवा शर्ट घातला होता, दुकानातल्या घड्या तशाच होत्या. गाडीत तो त्या घड्या सपाट करत बसला. मी जरुरीपेक्षा जास्त बोललो.

चहा आला, खारी आली. रफिकभाईंनी अझरच्या हाताकडे उघड बघितलं आणि मग माझ्याकडे वळले. "कोपराचं काही नाही हो. माझ्या भावाला एका डोळ्याने दिसत नाही, त्याचा संसार झकास चाललाय. पण ओव्हाळ, आपण डेपोत आयुष्य घालवलं. मालात खोट असली तर आधी चिठ्ठी लावायची आणि मग पुढे पाठवायचा, हे तुम्हीच नव्या पोरांना शिकवायचात ना?"

"शिकवायचो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? अशा वेळी चहाचा कप फार उपयोगी पडतो, तो रिकामा असला तरी तोंडाला लावता येतो. मला मनापासून लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की माझ्या मौनाची किंमत हे पोरगं मोजणार.

नाझिया आतून आली आणि सरळ समोरच्या खुर्चीवर बसली. तिने अझरकडे बघितलं नाही, मला विचारलं, "सर, ते लाल-पांढऱ्याचं मला नीट समजलं नव्हतं. मला सांगा."

मी सगळं सांगितलं. तीन पंच, तीन संधी, कोपराचा नियम. सांगताना माझा आवाज नेहमीच्या पट्टीत आला, कारण खेळ मला खरंच कळतो. ती लक्ष देऊन ऐकत होती. नावनोंदणीच्या खिडकीवर रोज शंभर माणसं तिच्यापुढे अर्धवट माहिती घेऊन येत असणार. राहिलेलं अर्धं काढून घ्यायची तिला सवय दिसली.

"म्हणजे सुरुवातीलाच दाखवलं असतं, तर पदक मिळालं असतं?"

"शक्यता होती," मी म्हणालो.

मग ती अझरकडे वळली. "मग पहिल्या दोन वेळेला का नाही दाखवलं?"

अझरने हातातली खारी बशीत ठेवली. "तुमाला दिसू नये म्हनून."

"आणि तिसऱ्यांदा?"

मी मनात म्हटलं, बाबा रे, आता तरी काहीतरी गोड बोल. तुमच्यापासून काही लपवायचं नव्हतं म्हण. तुमची आठवण आली म्हण. मी त्याला डोळ्यांनी खुणावतसुद्धा होतो. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"तिसऱ्या टायमाला तुमी डोक्यातच नव्हता," तो म्हणाला. "म्या उचललं हुतं, आन लोकं म्हनत हुती न्हाई उचललं."

रफिकभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे बघितलं.

"अब्बा," नाझिया म्हणाली, "तारीख बघा."

ती उठली, अझरच्या पुढ्यातली बशी उचलून त्याच्या हातात दिली आणि जाता जाता माझ्यापाशी थांबली. "आणि सर, यापुढे ह्यांच्याबद्दल मला काही सांगायचं असेल, तर ह्यांनाच सांगू द्या."